ह्यात तुमी कोण?

नाशिकची द्राक्षं घेऊन पलूस तालुक्यात जाणारी बाई जगात एकच असेल, ती मी. पेटी जड होती. वडूजच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसले, कोरेगावात मैत्रिणीच्या फ्रीजमधलं दूध-दही बाहेर काढायला लावून ती आत ठेवली, आणि शेवटी कुंडलला ज्यांच्या हातात दिली त्यांच्या परड्यापासूनच द्राक्षाचे मांडव सुरू होत होते. त्या गृहस्थांनी पेटीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, लय लांबनं आणलासा." पुढे एक शब्द नाही. हसू मात्र त्यांच्या मिशीत मावत नव्हतं.

ते गृहस्थ म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, विजूचे, थोरले बंधू. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्याविषयी पुढे सांगायचंच आहे, कारण हा प्रवास त्यांच्या गावी होणाऱ्या एका बैठकीसाठी होता.

मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. नाशिकला आमचा एक वाचकगट आहे. महिन्यातून एकदा जमतो, कुणीतरी पुस्तकाचा परिचय करून देतं, मग भाषा किती ओघवती, मुखपृष्ठ किती बोलकं, असं सगळ्याजणी म्हणतो, आणि कचोरी खाऊन घरी जातो. गेल्या वर्षी आम्ही एका वस्तीतल्या बाईचं आत्मकथन वाचलं. चर्चेत एकजण म्हणाली, "वाचवत नाही गं." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा संपली. माझं डोकं फिरलं. घरी येऊन विजूला फोन केला आणि सगळा राग तिच्यावर काढला. वसतिगृहात एका खोलीत राहिलो तेव्हापासून ती हे काम बिनपगारी करते आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू एकदा इकडं ये. आमच्याकडं कसं वाचत्यात ते बघ. मग चिड काय चिडायचं ते."

वडूज

विजूने मला आधी वडूजला धाडलं. तिची नणंद सुलभा तिथे शिवणक्लास चालवते आणि गुरुवारी दुपारी तिच्याकडे बायका पुस्तक वाचायला जमतात. फेब्रुवारी चालू होता. ज्वारीची काढणी सुरू झालेली, रानं पिवळी पडलेली, आणि दूर पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. गोदेच्या काठी राहणाऱ्या माझ्यासारखीला हा मुलूख आधी ओकाबोका वाटतो. तासाभराने डोळे सरावले, मग बांधावरची बोरं दिसली, करडईची फुलं दिसली. बोरं मी खाल्लीदेखील. आंबट होती.

सुलभाने शिलाई मशिनं भिंतीला सरकवून चटई अंथरली होती. बायका आल्या, काहींच्या पदराला टाचण्या तशाच. पुस्तक एकच. एकीने पानभर मोठ्याने वाचायचं आणि शेजारणीकडे द्यायचं. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही पुस्तकावरच बोलत बसाल. गोष्ट एवढीच, की दुष्काळाच्या वर्षी गावाबाहेरच्या वस्तीतली एक लहान पोरगी तहानेने व्याकूळ होऊन गावविहिरीचा दोर धरते. पाटील काठी घेऊन धावतो. माणसं जमतात. कुलकर्ण्याची बायको खिडकीतून सगळं बघते आणि काही बोलत नाही. शाळेतला मास्तर तेवढा मध्ये पडतो आणि पुढे पोरीला शिकवतो. तीच पोरगी मोठेपणी हे लिहिते.

वाचन झालं. मला वाटलं, आता मतं. पण तिथली रीत निराळी. मत द्यायच्या आधी प्रत्येकीने सांगायचं, ह्यात मी कोण. तुम्हाला कोण आवडलं, असं विचारत नाहीत. तुमचं घर, तुमचं आडनाव, तुमच्या बापजाद्यांची जमीन हे सगळं घेऊन तुम्ही त्या गावात त्या दिवशी असता, तर कुठे उभ्या असता, ते सांगायचं. आधी ते, मग मत.

पाहुणी म्हणून पहिला मान मला. मी ताठ बसून म्हणाले, "मी ती पोरगी."

बायका हसल्या. तशा वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. सुलभाने विचारलं, माझ्या माहेरी पूर्वी काय होतं. म्हटलं, आजोबा गावचे कुलकर्णी. "मग बाई, तुमी खिडकीत," ती म्हणाली आणि पुस्तक पुढच्या बाईकडे सरकवलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? चांगलाच आला. आयुष्यभर पोरांना समतेचे धडे शिकवले आणि ही शिवणवाली मला खिडकीत बसवते. पण मग तिने स्वतःचं सांगितलं. ती पाटलाच्या घरातली सून. म्हणाली, "मी तर खिडकीपतूर बी आले नसते. मला माजघरातनं भाईर कुणी सोडलं असतं? गावात काय झालं ते मला सांजच्याला गड्यानं सांगितलं असतं, आन मी म्हणले असते, बरं झालं." ती हे शिलाईचं माप सांगावं तसं बोलली. मग एक बौद्ध बाई बोलली, मग एक धनगर बाई. धनगरणीचं म्हणणं, तिची माणसं त्या दिवशी गावातच नसती, मेंढरं घेऊन कुठेतरी पाण्याच्या शोधात असती, आणि पुस्तकात ती नाहीत ह्याचं तिला वाईट वाटतं. असं काही आमच्या कचोरीच्या गटात कधी निघालं नव्हतं.

संध्याकाळी सुलभाने हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पातळ माडगं केलं, बरोबर बाजरीची भाकरी. माडगं मी पहिल्यांदा प्याले. नाशिकला कुणाला दिलं तर औषध म्हणून पितील, पण त्या कोरड्या हवेत ते गरमगरम पोटात गेलं की बरं वाटतं. दुसरी वाटी मागितली तेव्हा माझा राग उतरला होता. मी सुलभाला विचारलं, ही रीत कुणी काढली. ती म्हणाली, "कुंडलच्या सिस्टरनी. पर त्या आता सोडणार म्हंत्यात. वैनीनं सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

वहिनी म्हणजे विजू. विजूने मला काहीही सांगितलं नव्हतं.

कोरेगाव

विजूचं घर बाजारापासून जवळ. तिने वाघ्या घेवड्याची उसळ केली होती. इथला घेवडा नेमका शिजतो, म्हणजे दाणा अख्खा आणि आत लोणी. आमच्याकडे मिळतो तो राजमा म्हणजे गोट्या. मी खाता खाता तिला फैलावर घेतलं, की इतक्या लांब बोलावलंस आणि गट मोडतोय हे लपवलंस.

विजूने मग सगळं सांगितलं. कुंडल तिचं माहेर. तिथली बैठक शोभाताईंनी सुरू केली. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका, म्हणून गाव त्यांना सिस्टर म्हणतं. बौद्ध वस्तीत घर. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी सुया टोचल्यात आणि निम्म्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब त्यांच्या हातात आहे. वाचायचा नाद त्यांना लहानपणापासून. गावातले काही ऊसवाले शेतकरी, वस्तीतली माणसं, कॉलेजच्या मुली असे सगळे त्यांनी गोळा केले आणि पहिल्या दिवसापासून ही रीत लावली. विजू त्यासाठी कोरेगावहून महिन्यातून दोनदा माहेरी जाते. आणि आता सिस्टर म्हणाल्या होत्या, की येत्या रविवारी मी शेवटची. पुढे तुमचं तुम्ही चालवा.

"का?"

"आमच्यात मास्तर लय झालेत," विजू म्हणाली.

मला कळेना. तिने उलगडून सांगितलं. कुठलंही पुस्तक घ्या, त्यात एक तरी बरा माणूस असतोच. एखादा मास्तर, एखादा डॉक्टर, एखादा फौजदार. प्रश्न फिरत फिरत गावातल्या माणसांकडे आला, की ती सगळी तोच एक माणूस होतात. तिचे दादा तर नक्कीच. एवढ्या पुस्तकांत ते एकदाही दुसरे कुणी झाले नाहीत. गेल्या बैठकीत ह्याच विहिरीच्या पुस्तकात पाच जण मास्तर झाले. सिस्टर तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, पाच मास्तर असते तर गावात शाळा केवढी मोठी असती. आणि निघताना सोडायचं बोलल्या.

विजू ताटातल्या घासाशी खेळत होती. म्हणाली, "त्या गेल्या तर वस्तीतलं कुणी येणार न्हाई. मग आपण आपल्यातच उरलो. मग काय बैठक आन काय हळदीकुंकू." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांत सासर, मुलं, शेती ह्यापलीकडे तिचं स्वतःचं असं हे एकच होतं. तिने दादांना फोन करून स्पष्ट सांगितलं होतं, ह्या रविवारी खरं बोल. दादा फोनवर गप्प राहिले होते. दादा गप्प राहिले की काय समजायचं ते ह्या घरात कुणालाच कळत नाही म्हणे.

कुंडल

वडूजनंतर कुंडल म्हणजे डोळ्यांना चैन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, हवेत गोडसर वास. पाणी असलं की माणसं जरा सैल होतात असं मला वाटतं. इथले लोक वडूजपेक्षा मोठ्याने बोलतात आणि ताटात जास्त वाढतात. द्राक्षांची फजिती मी सांगितलीच. दादांच्या घरी मटणाचा बेत होता, आणि मी शाकाहारी हे विजू सांगायला विसरली होती. विजूच्या वहिनींनी काही मिनिटांत माझ्यासाठी दूध-भाकरी आणि ठेचा पुढे केला, वर स्वतःच ओशाळल्या. दादा जेवताना सीमेवरच्या थंडीचं बोलत होते. बैठकीचं नाव नाही.

दुपारी सिस्टरच्या घरी गेलो. स्लॅबचं नीटनेटकं घर, पुढे ऐसपैस व्हरांडा. चहा आला तेव्हा मी आपली डोळे लावून बसले, कप कोण उचलतं आणि कोण नाही. सगळ्यांनी उचलले, दादांनी तर दुसरा मागून घेतला आणि साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली. "तुमच्या साखरेचा रिपोर्ट मी बघितलाय, मिळणार न्हाई," सिस्टर म्हणाल्या. म्हणजे चहाचा प्रश्न इथे केव्हाच मिटला होता. भांडण त्याच्या पुढचं होतं.

सिस्टर पन्नाशीच्या, सडपातळ, बोलणं सावकाश. मला म्हणाल्या, "बरं झालं आलात. शेवट तरी कुणी बाहेरचं बघंल." इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला पुढे विचारायचा धीर झाला नाही.

त्या दिवशीचं प्रकरण विहिरीनंतरचं होतं. पोरगी रडत घरी येते. तिला वाटतं, आई जवळ घेईल. आई उठते आणि तिलाच मारते. विहिरीकडे गेलीसच का, म्हणून मारते, हात दुखेपर्यंत मारते. वाचणारी कॉलेजची मुलगी तिथे अडखळली. थांबली, मग परत पहिल्यापासून तो परिच्छेद वाचला.

प्रश्न फिरायला लागला. एक शेतकरी म्हणाला मी बघ्यांतला, हात मागं बांधून उभा. विजू म्हणाली मी पाटलाच्या घरातली, पाटील घरी आल्यावर त्याला पाय धुवायला पाणी देणारी. माझी पाळी आली तेव्हा मी वडूजला शिकले होते ते सांगितलं, खिडकीत. मग दादा.

दादांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी पाटील." मग ते बोलायला लागले, आणि इतकं बोलतील असं विजूलाही वाटलं नसावं. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर काठी घेऊन राखण केली होती. दादा तेव्हा लहान होते. बाप विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर, बसलेला आणि दादा त्याच्या मांडीवर. वस्तीतल्या बायका लांब घागरी ठेवून उभ्या. "मला वाटायचं बा लय मोठा मानूस हाय," दादा म्हणाले. "त्याच्या काठीशी मी खेळायचो." एवढं बोलून त्यांचा आवाज फुटला. मिशीवाला, धिप्पाड माणूस, मुलासारखा रडायला लागला.

व्हरांड्यात एकच धांदल. विजू धावत आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पंख्याचं बटण शोधलं, एकजण म्हणाला दादा तुमी मोठ्या मनाचं. माझेही डोळे भरून आले. मनात म्हटलं, झालं. जमलं. आता सिस्टर कुठे जातात?

सिस्टर जागच्या हलल्या नव्हत्या. सगळं निवल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, रडू नका म्हणत न्हाई मी. रडा. पण तुमी रडलासा आन धा जणं तुमाला पाणी द्यायला उठली. ती पोरगी आजून तशीच बसलीया, तोंड कोरडं."

विजूचा चेहरा पडला. मला क्षणभर सिस्टरचा रागच आला, की माणसाने आणखी करायचं तरी काय? दादांच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. ते प्याले नाहीत. त्यांनी तो खाली ठेवला, नाक पुसलं आणि सुभेदारी आवाजात, थोडं दुखावून, थोडं चिडून विचारलं, "मग सिस्टर, तुमीच सांगा. ह्यात तुमी कोण?"

सिस्टर म्हणाल्या, "एवढी पुस्तकं वाचली आपण. हे मला कुणी आज पयल्यांदा विचारलं."

मी विजूकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. खरंच होतं ते. प्रश्न व्हरांडाभर फिरायचा आणि सिस्टरपाशी आला की त्यांना वळसा घालून पुढे जायचा. त्या कोण हे विचारायचं कशाला, त्या ती पोरगीच की. मीसुद्धा आल्यापासून त्यांच्याकडे तसंच बघत होते. वाचन चालू असताना सगळ्यांचे डोळे अधूनमधून त्यांच्याकडे वळत होते, कीव केल्यासारखे, आणि मला ते अगदी स्वाभाविक वाटलं होतं. लाज वाटली मला.

"सगळी माझ्याकडं बघून हळहळत्यात," सिस्टर म्हणाल्या. "मला आता तहान लागत न्हाई ओ. घरात नळ हाय, पगार हाय. मी पुस्तक वाचाय बसते आन तुमी मलाच वाचाय बसता. त्याचा कंटाळा आला, म्हणून सोडते म्हणलं. मास्तरांचं काय, ते होतच राहत्यात." मग म्हणाल्या, "मी ती पोरगी न्हाई. मी तिची आई."

त्यांना एक मुलगी आहे. साताऱ्याला वसतिगृहात शिकायला ठेवली होती. तिथे पहिल्याच वर्षी तिने मैत्रिणींना आपण कोण ते सांगून टाकलं. मैत्रिणी ताटं घेऊन दुसऱ्या बाकावर गेल्या. मुलगी रडत घरी आली. सिस्टर म्हणाल्या, त्या दारातच उभ्या होत्या, पोरीने गळ्यात पडायला हात पसरले, आणि त्यांनी ह्या हाताने तिच्या तोंडात मारली. सांगितलंस कशाला, म्हणून. परत सांगशील का, म्हणून. ज्या हाताने दुसऱ्यांच्या पोरांना इतक्या हळुवार सुया टोचायच्या, तोच हात. आम्हाला दाखवावा तसा त्यांनी तो पुढे धरला होता.

मुलगी पुढे इंजिनियर झाली. आता पुण्यात एका कंपनीत आहे. आईने शिकवलं ते तिने नीट पाळलं. ऑफिसात नुसतं नाव सांगते, कुणी खोदून विचारलं तर विषय बदलते. बैठकीचे फोटो सिस्टर आधी मोबाइलवर टाकायच्या. मुलीचा फोन आला, आई ते काढून टाक, माझ्या ऑफिसातली माणसं बघतात. त्यांनी काढून टाकले.

"पाटलानं तिला हाकललं ते खरं," सिस्टर म्हणाल्या, "पण गप बसायला तिला मी शिकवलं. आता मी तिला बोल म्हणते, तर म्हणती, तूच मारलंवतंस."

ह्यावेळी कुणी उठलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला. सिस्टर रडत नव्हत्या, पण विजू रडत होती आणि तिला पाणी द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. घेतला नाही. अजून वाटतं, घ्यायला हवा होता, आणि लगेच वाटतं, बरं झालं घेतला नाही.

शेवटी दादांनी साध्या आवाजात विचारलं, "मग पुढची बैठक कुठं ठेवायची, सिस्टर?"

सिस्टरनी पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं, वरून हात फिरवला.

"हितंच ठेवा," त्या म्हणाल्या. "लेक सुट्टीला येणार हाय. तिला मधी बसवा आन विचारा, ह्यात तू कोण. मी बोलाय लागीन तिच्या वतीनं. मला गप बसवा."